पुदिन्याचा वाफारा

"व्हेपचे नियम आणखी कडक करावेत का? हो की नाही?" मुग्धाने विचारलं.

"नाही," तुकाराम म्हणाला. "ठळक लिहा, ताई."

कॉलेजच्या सर्व्हेसाठी मुग्धा शुक्रवारची दुबईतल्या अल कुसैसच्या कामगार कॅम्पमधल्या खोल्यांतून फिरत होती. व्हेप ओढणाऱ्यांना नियमांबद्दल काय वाटतं, एवढंच तिला विचारायचं होतं. मराठी बोलणारी पोर बघून तुकारामने स्टूल पुसून दिलं, हातातली व्हेपची हिरवी नळी खाटेवर ठेवली. पण या प्रश्नाला त्याने लगेच नाही म्हटलं. नियम कडक झाले की दुकानातून ही नळी गायब होणार, आणि व्हिसाची मेडिकल तर आठ दिवसांवर आलेली.

अठरा वर्षं तो इथे फरशा कापत होता. दोन हजार आठच्या मंदीत अर्धा कॅम्प घरी गेला, तेव्हाही हा टिकला. मालकाची मर्जी सांभाळता येते. छातीच्या एक्स-रेला कोण मस्का लावणार? तीन महिन्यांमागे शेजारच्या खाटेवरचा रामेश्वर मेडिकलच्या त्याच एक्स-रेत डाग दिसला म्हणून परत गेला. तुकारामला वर्षभर धुळीचा खोकला होता. गावाकडे लेकीचं, समिधाचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष, आणि घरात कमावता हा एकटाच.

"काका, तुम्ही हे घेता कशासाठी?"

"छाती साफ व्हायला. आई वाफारा द्यायची बघा, पातेल्यात पुदिना टाकून, डोक्यावर चादर घेऊन. तेच हे. दुकानदार बोलला, सिर्फ भाप है, हबीबी. इथं बारा माणसांत पातेलं कुठं मांडू?" तुकाराम खुशीत आला. "दोन महिने रोज घेतो. जरा उशीर झाला की हात थरथरतात, डोकं भणभणतं. म्हणजे किती कफ साठला असेल. इन्शाल्ला, आठ दिवसांत छाती क्लिअर."

मुग्धाचं पेन थांबलं.

"आधी सिगारेट, विडी ओढायचात?"

"छे छे. माळकरी आहे मी." त्याने वरचं बटण काढून तुळशीची माळ दाखवली. "तंबाखूला आजवर बोट लावलेलं नाही."

मुग्धाने खाटेवरचं खोकं उचललं. त्यावरची बारीक इंग्रजी अक्षरं तिने दोनदा वाचली. सांगावं की नको, तिला कळेना. शेवटी सांगितलंच.

"काका, यात निकोटिन आहे. तंबाखूची जी नशा असते ना, तीच. तुमचे हात त्यानेच थरथरतात. छाती याने साफ होत नाही."

तुकारामचा चेहरा उतरला. रोज पहाटे देवाचं नाव घेऊन तो पहिला झुरका मारत आला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानदाराला शिवी द्यायचंही त्याला सुचलं नाही.

"मग उत्तर बदलू?" मुग्धाने हळूच विचारलं. "नियम कडक हवेत, असं लिहू?"

तिच्यासमोर नको म्हणून त्याने अर्ध्या तासात एकही झुरका घेतला नव्हता. तो आपल्या हातांकडे बघत बसला. त्यांची थरथर सुरू झाली होती.

"राहू द्या, ताई," तो म्हणाला. "'नाही'च लिहा."

मग त्याने गळ्यातली माळ काढून उशीखाली ठेवली आणि नळी उचलली.