मनात असेल ते

“आजची प्रार्थना तू कर,” बायबल मिटत पप्पा म्हणाले.

घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत शेवटचं मागणं नेहमी आईचं असायचं. आईला मातीत ठेवून महिना झाला होता.

“मला जमणार नाही.”

“सलोमी, मनात असेल ते बोल.”

“मनातलं तुम्हाला ऐकवणार नाही.”

“मला कुठे? त्याला ऐकव.”

ती गुडघ्यांवर बसली नाही. डोळेही मिटले नाहीत.

“प्रभू, आठ महिने आम्ही रोज तुझ्यापुढे गुडघे टेकले. तरी आईच्या छातीतली गाठ तिला घेऊन गेली. चर्चच्या मंडळीतले म्हणतात, तुझी इच्छा. असली कसली रे तुझी इच्छा? आज मी तुझे आभार मानणार नाही.” तिचा आवाज चिरकला आणि तीन आठवडे कोणालाच न सांगितलेली गोष्ट तोंडातून बाहेर पडली. “माझ्याही छातीत गाठ लागतेय. भीतीपोटी मी तपासायला गेले नाही. तुझ्यावर चिडलेय, पण दुसऱ्या कोणाला सांगू? उद्या मी जातेय. तू बरोबर ये. यावंच लागेल तुला.”

राग तसाच होता, पण तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिला ‘उद्या’ म्हणता आलं होतं.

“आमेन,” पप्पा म्हणाले. डोळे न पुसताच ते तिच्याजवळ येऊन उभे राहिले.

“तो येईलच. मीही येतो. नगरची पहिली एसटी सहाला आहे.”