सत्तेचाळिसावं पान

"सत्तेचाळीस," मामा म्हणाला.

टकळीच्या डोळ्यांवर मामाचा मफलर घट्ट बांधलेला होता. शिवाय ती भिंतीकडे तोंड करून उभी. "पाणी दिसतंय," ती खोल आवाजात म्हणाली. "त्यावर काहीतरी तरंगतंय... होडी."

मागे पान चाळल्याचा आवाज आला. मग मामाचा शिक्का मारल्यासारखा आवाज. "बरोबर."

टकळीने हवेत एक गुद्दा हाणला.

तिचं हे नाव मामानेच ठेवलेलं, कारण तिचं तोंड झोपेतही बंद नसे. पण मामाच्या 'बरोबर'पुढे तीही गप्प व्हायची. तीस वर्षं त्याने छापखान्यात प्रूफं तपासली होती. ती सातवीत असताना तिने दिलेलं शुभेच्छापत्र त्याने लाल शाईने दुरुस्त करून परत केलं होतं. असा माणूस उगाच बरोबर म्हणत नाही.

आणि तिला हे 'बरोबर' हवंच होतं. गेल्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात जादूचा खेळ करताना तिने प्रेक्षकाच्या मनातला पत्ता ओळखून "बदामची राणी" असं ठणकावून सांगितलं, आणि निघाला चौकटचा पंजा. वर्षभर सगळी शाळा तिला राणीसरकार म्हणत होती. यंदा शनिवारी तिला पुन्हा आठ मिनिटं मिळाली होती. "या वेळी चुकलीस," मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, "तर पुढच्या वर्षी पडदा ओढायला."

खेळ साधा होता. प्रेक्षकाने पुस्तकाचं कुठलंही पान उघडायचं, पहिला शब्द मनात धरायचा, टकळीने तो ओळखायचा. प्रश्न होता पुस्तक कुठलं.

आधी तिने जादूच्या दुकानातलं पुस्तक आणलं. त्यात प्रत्येक पानाची सुरुवात एकाच शब्दाने होती. मामाने पानांवरून नुसतं बोट फिरवलं. "कागद बघ किती जाड. हातात घेतल्याबरोबर कळतं की खेळण्यातलं आहे. आणि शेजारणीने पुढचं पान डोकावून पाहिलं की झालं तुझं राज्य खालसा."

मग शब्दकोश. त्यात प्रेक्षकाने शब्द चिठ्ठीवर लिहायचा आणि तिने तो हळूच पाहून घ्यायचा.

"चिठ्ठी मागितलीस की लोकांना वास लागतो. मी तर काही लिहून देणार नाही."

"मामा, तू प्रेक्षक आहेस की पोलीस?"

"प्रेक्षक पोलीसच असतो, टकळे. जे पुस्तक कुणाच्याही हातात बिनधास्त देता येतं, तेच खरं पुस्तक."

म्हणून शेवटी कपाटातलं साधं प्रवासवर्णन निघालं. शहाण्णव पानं. त्यांचे शहाण्णव पहिले शब्द पाठ करायचे, एवढीच काय ती जादू. कुणीही पानाचा आकडा सांगावा, कुणीही पुस्तक तपासावं.

सरावाचे नियम मामाने घालून दिले. पट्टी बांधायचीच. "नाहीतर माझा चेहरा वाचायची सवय लागेल, आणि स्टेजवर माझा चेहरा नसेल." शिवाय रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायचा, पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत. आवाज कमावण्यासाठी. मामा डोळे मिटून ऐकायचा.

रोज वीस पानं. रोज वीस वेळा बरोबर. एकदाच ती अडली, बासष्टला. "कंदील," ती म्हणाली, आणि म्हणताक्षणी वाटलं की कंदील तर चौसष्टवर आहे.

"बरोबर."

"नक्की? बघू."

मामाने पुस्तक मांडीखाली घातलं. "माझं काम मला शिकवतेस?"

ती हसली. मामाने बरोबर म्हटलं म्हणजे विषय संपला. साठीतली पानं पुन्हा पाठ करायचा तिचा बेत होता, तोही तिने सोडून दिला.

गुरुवारी पुस्तकाची पानं सुटायला लागली. टकळीने ते कोपऱ्यावरच्या बाइंडरकडे नेलं, त्याच्याकडचं हिरवं कापड छान होतं. "याच कापडाचं, याच मापाचं आणखी एक काम आहे," तो म्हणाला. "उद्या दोन्ही बांधून टाकतो."

शुक्रवारी दुपारी ती कागदात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन धावतच घरी आली. मामाने सुतळी सोडली, कण्यावरून अंगठा फिरवला. "शिवण झकास. बांध पट्टी. शेवटची पाच."

आठ. एकोणतीस. सत्तेचाळीस. बासष्ट. नव्वद.

पाचही बरोबर.

"झाली तयारी," मामा उठत म्हणाला. "आता राणीसरकार म्हणणाऱ्यांना उद्या पहिल्या रांगेत बसव." भिंतीला हात लावत लावत तो चहा टाकायला आत गेला.

तेवढ्यात दार वाजलं. बाइंडर होता, धापा टाकत. त्याच्या हातात हिरव्या कापडाचं पुस्तक.

"ताई, घाईत अदलाबदल झाली. तुझं हे आहे. तुझ्याकडे गेलं ते दुसऱ्या गिऱ्हाइकाचं."

"काहीतरीच काय," टकळी हसली. "आत्ता मामाने पाच पानं तपासली त्यातली. एकूणएक शब्द जुळला."

बाइंडर तिच्याकडे बघतच राहिला. "उघडून तर बघ."

आत भांड्यांचा आवाज होत होता. टकळीने मामाच्या खुर्चीवरचं पुस्तक उचललं आणि मधोमध उघडलं. मग मागे गेली. मग पुढे, भराभर, शेवटापर्यंत.

हिरव्या पुठ्ठ्यांच्या आत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकही अक्षर नव्हतं.