नाकाला आठवण

“अगं वहिनी, पाकळी जाईल नाकात!” नणंद फाटकातून आत येत म्हणाली.

बेकरीवालीने मान वर केली नाही. फुलात नाक खुपसून, डोळे घट्ट मिटून ती श्वास ओढत होती. फूल वाटीएवढं, पाकळ्यांनी गच्च भरलेलं. त्याचा वास पार रस्त्यापर्यंत जात होता. येणारेजाणारे कुंपणाशी रेंगाळत होते. तिला मात्र काही म्हणजे काही येत नव्हतं. कागदाचं फूल हुंगावं तसं.

गेल्या वर्षीच्या तापाने तिचं नाक नेलं. ताप उतरला, वास परतला नाही. त्याआधी पाव भाजल्याचा वास आला की ती भट्टी उघडायची. घड्याळाकडे तिने कधी बघितलंच नव्हतं. आजारातून उठून तिने भट्टी लावली, तेव्हा धूर डोळ्यांत गेल्यावर तिला कळलं. सगळे पाव कोळसा झाले होते. त्या दिवसापासून भट्टी नणंदेकडे गेली आणि ती गल्ल्यावर बसली. गिऱ्हाइकांशी हसूनखेळून बोलायची, पण आत पाऊल टाकायची नाही.

“ओळखीचा एखादा वास रोज घ्या, मन लावून,” नाकाचे डॉक्टर म्हणाले होते. “नाकाला आठवण करून देत राहा. परत येईलच असं वचन मात्र मी देत नाही.”

“वचन कोण मागतंय?” असं म्हणून ती तिथून थेट रोपवाटिकेत गेली.

तिला बोर्बन गुलाबच हवा होता, जुन्या जातीचा, दाट वासाचा. तिच्या आईने तोच लावला होता. लहानपणी तिची अर्धी सकाळ त्याच्याजवळ जायची. रोपवाटिकावाल्याने भडक रंगाचे, ताठ मानेचे नवे गुलाब पुढे केले.

“यांना वास आहे?”

“वासाचं काय घेऊन बसलात बाई? रंग बघा की!”

“मग राहू द्या तुमच्याकडेच.” आणि ती तिथल्याच पायरीवर ठाण मांडून बसली. शेवटी तो मागच्या कोपऱ्यातून एक किरकोळ, वेडंवाकडं रोप घेऊन आला.

“वास येत नाही आणि वासाचं झाड!” नवरा एकदाच बोलून गेला. मग जीभ चावून त्याने मुकाट्याने कुदळ उचलली आणि खड्डा खणला.

पानांवर काळे डाग पडले. तिने एकेक डागाळलेलं पान खुडून टाकलं. फांद्या नुसत्याच उंच गेल्या, फूल म्हणून नाही. तेव्हा तिने त्या हळूहळू वाकवून खुंट्यांना आडव्या बांधल्या. हातांवर काट्यांचे ओरखडे उठले. पण आडव्या फांदीच्या पेरापेरातून कोंब फुटले, कोंबांना कळ्या लागल्या, आणि झाड फुलांनी लगडलं.

फुलांनी त्यांचं काम चोख केलं होतं. नाकच ढिम्म होतं.

“वहिनी, पुरे आता,” नणंद हलकेच म्हणाली. “नाही येत तर नाही. भट्टी मी बघतेय ना?”

“तू भट्टी बघ. मी हुंगते.” तिने पुन्हा डोळे मिटले.

तेवढ्यात नवरा मागच्या वाटेने खांद्यावर पोतं घेऊन आला. त्याने ते गुलाबाच्या बुंध्याशी टेकवलं आणि तोंडाची दोरी सोडली.

बेकरीवालीचा चेहरा एकदम आक्रसला.

“शी! ही कसली घाण?”

“कोंबडखत आहे,” नवरा ओशाळून म्हणाला. “म्हटलं, आता झाडाला फुलं यायला लागलीत, तर जरा...”

बोलता बोलता तो थांबला. नणंदेने तोंडावर हात ठेवला. बेकरीवालीने डोळे उघडले, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग फूल सोडून ती गुडघ्यांवर बसली आणि तिने पोत्यात तोंड घातलं. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. तिने पुन्हा छाती भरून श्वास घेतला.

“घाण आहे!” ती हुंदके देत हसत होती. “अहो, किती घाण आहे हो!”

नवरा फाटकाकडे पळत सुटला.

“दादा, आता कुठे निघालास?” नणंद ओरडली.

“आणखी एक पोतं आणतो!”