देवघराचं दार

“सकाळी दिवा लावताना कुणाला काय शब्द दिलाय ते आठवायचं,” सासूबाई सांगायच्या. महापौर झाले तेव्हा पालिकेच्या शाळेतल्या मुलींना मी शब्द दिला होता, तुमच्या शौचालयाला दार बसवून देईन.

अडीच वर्षं, दिवा लावला की ते दार आठवतं. मी नुसत्या फिती कापल्या, फाइल काही हलली नाही. काल माझ्या महापौरपदाच्या मुदतीचा शेवटचा दिवस. पुन्हा विचारायला गेले, तर अभियंता साहेब म्हणाले, “ताई, एका दारासाठी निविदा निघत नाही. शंभर मागा.”

“एक मुलगी आत गेली की दुसरी ओढणी धरून उभी राहते हो.”

“नव्या महापौरांना सांगू की.”

ओरडायला मला कधी जमलं नाही. तशीच परत आले.

आज सकाळी दिवा लावला आणि सुताराला बोलावून देवघराच्या खोलीचं दार काढायला सांगितलं.

“वहिनी, देव उघड्यावर ठेवणार?” तो चाचरला.

“देव नाही लाजायचा, भाऊ. मुली लाजतात.”

पालिकेची गाडी कालच परत गेली होती. दार हातगाडीवर चढवलं, एका बाजूनं मी धरलं, आणि आम्ही शाळेच्या रस्त्याला लागलो.