देव्हाऱ्यासाठी नाणं

मार्कंड्याच्या जत्रेत जुन्या नाण्यांच्या एका दुकानात वच्छलाबाईंनी देव्हाऱ्यात ठेवायला एक जर्मन नाणं उचललं. त्यावर गरुडाखाली स्वस्तिक होतं. दुकानदार म्हणाला, “पाचशे.”

शेजारच्या दुकानातल्या गुलाम रसूलला राहवलं नाही. “बाई, लढाईच्या काळातलं जस्ताचं हाय, ढिगानं पाडलेलं. माह्यापाशीबी हाय, साठ रुपयाले.”

“मंग तुमचंच द्या, भाऊ. देव्हाऱ्यात ठेवाले पाह्यजे.”

“देव्हाऱ्यासाठी? फुकटबी नाई देणार. हिटलरचं हाय ते. लाखो माणसं मारली त्यानं.”

दुकानदार भडकला. “गुलाम्या, उद्या इथी दुकान लावून दाखव!”

वच्छलाबाईंनी नाणं खाली ठेवलं. कीर्तनासाठी आणलेलं बस्कर गुलामच्या दुकानापुढं अंथरलं आणि त्यावर ठाण मांडलं.

“कीर्तन इथूनबी आयकू येते. आता याले उठवून पाह्य.”