दिसायला तीच गाडी

"बाबा, मी नेहमीइतकाच ॲक्सिलरेटर दाबला," प्लास्टरमधला हात छातीशी धरून शाल्मली पुन्हा तेच म्हणाली. "आपली गाडी कधी अशी उडाली नव्हती. आजीला मीच मारलं."

सुट्टीला आलेली शाल्मली काल आजीला देवळात नेत होती. ट्रकला मागे टाकताना गाडी झाडावर आदळली आणि आजी जागीच गेली. आता इस्पितळात उशाशी बसलेली आई, स्वतःची आई गमावूनही, लेकीची समजूत काढत होती.

बाबा, विश्रामराव, खाटेच्या पायथ्याशी उभे होते. गेल्या पावसाळ्यात त्यांनी त्या जुन्या, सुस्त स्टेशन वॅगनला गुपचूप टर्बोचं ताकदवान इंजिन बसवून घेतलं होतं. वरचा एक ओरखडाही पुसू दिला नव्हता. रविवारी हायवेवर महागड्या गाड्या मागे पडल्या, की ते एकटेच हसत. घरच्यांसाठी मात्र ती भाजी आणायची, पाहुणे सोडायची गाडी होती.

"तुझी चूक नाही, पोरी," ते शेवटी म्हणाले. "इंजिन मी बदललं होतं. कुणालाच सांगितलं नाही."

शाल्मली रडायची थांबली. आईनं खुर्ची ओढून बापलेकीच्या मध्ये घेतली आणि ती नवऱ्याकडे पाठ करून बसली.