चार कमी

“खोली चौदा फूट लांब, बारा फूट रुंद. फरशी दोन बाय दोनची. दाराशी चार बाय चारचा चौकोन मोकळा सोडायचा. बोल भिंगरे, किती फरश्या?”

बाबा नळाखाली हात धरून नखांतलं सिमेंट काढत होते. भिंगरीने वहीत खोली काढली, खोलीत चौकोन काढला, पेन्सिल दोनदा चावली आणि म्हणाली, “अडतीस.”

“नक्की?”

“नक्की.”

“उद्या सांगतो,” बाबा म्हणाले आणि टॉवेल शोधायला गेले.

महिनाभर हे असंच चाललं होतं. मोठ्या शाळेची प्रवेश परीक्षा तोंडावर आली होती. जागा साठ आणि मुलं हजारभर. भिंगरीला त्या साठांत बसायचंच होतं. भाषेत ती फर्डी होती, पाढे तर झोपेतही म्हणायची. पण शाब्दिक उदाहरण दिसलं की पेन्सिल अडायची. सराव परीक्षेत दहापैकी तीनच उदाहरणं बरोबर आली, तेव्हा ती संध्याकाळभर उशीत तोंड खुपसून पडली होती.

त्याच आठवड्यात बाबांचे जोडीदार काका, ज्यांच्याबरोबर बाबांनी पंधरा वर्षं फरश्या बसवल्या, ते मुलाकडे कायमचे राहायला गेले. बाबा दोन रात्री मोजपट्टी आणि कागद घेऊन उशिरापर्यंत बसले. तिसऱ्या दिवशी तिच्या वहीशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, “एक उदाहरण घालू का?”

वर्गातल्या मुलांकडे जाडजूड गाईडं होती. त्यांतल्या टाक्या एका नळाने भरायच्या आणि दुसऱ्याने रिकाम्या व्हायच्या. तो दुसरा नळ कुणी बंद का करत नाही, हे भिंगरीला कधीच कळलं नव्हतं. बाबांची उदाहरणं असली बावळट नव्हती. त्यांत जिना असायचा, मधेच खांब असायचा, एकदा तर तिरकी भिंत होती. रोज नवी खोली. चौथी शिकलेल्या माणसाला हे सुचतं तरी कसं, या विचाराने तिचा ऊर भरून यायचा. आमच्या बाबांचं डोकं म्हणजे कारखाना आहे, असं ती मैत्रिणींना छाती फुगवून सांगायची.

तक्रार एकच. बाबा रीत दाखवायचे नाहीत. तुझी तू शोधलीस की डोक्यात बसते, म्हणायचे. उत्तराचा निकालही लगेच नाही. तो लागायचा दुसऱ्या दिवशी, कामावरून आल्यावर, चहा पिताना. “बरोबर,” नाहीतर “सात जास्त.” चुकलं तरी आवाज चढायचा नाही.

“परीक्षा नक्की कुणाची चाललीय?” आईने एकदा शिलाई मशीनवरून विचारलं. बाबांनी तिच्याकडे असं काही पाहिलं की तिने सुईत दोरा ओवायला घेतला.

आणि मग एका संध्याकाळी बाबांनी सगळ्यांत मोठं उदाहरण घातलं. साठ फूट लांब, चाळीस फूट रुंद हॉल. फरशी तीच, दोन बाय दोनची. चारी भिंतींलगत काळ्या फरश्यांची एक ओळ, आत सगळ्या पांढऱ्या. काळा दगड लांबून मोजून कापून येणार, तेव्हा एकही जास्त नको. सांग, काळ्या किती?

भिंगरी सावध होती. लांबीत तीस, रुंदीत वीस. पण कोपरे दोनदा मोजले जातात, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने चारी बाजूंचे कोपरे काढून टाकले. अठ्ठावीस आणि अठ्ठावीस, अठरा आणि अठरा.

“ब्याण्णव.”

बाबांनी तीनदा नक्की ना, विचारलं. मग कानामागची पेन्सिल काढून आकडा तळहातावर लिहिला.

या खेपेला निकाल यायला आठवडा लागला.

“चार कमी,” बाबा म्हणाले.

भिंगरीने वही पुन्हा उघडली आणि कपाळावर हात मारला. कोपरे तिने दोन्हीकडून काढले होते आणि परत कुठेच ठेवले नव्हते. तिचे डोळे भरून आले. बाबांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. म्हणाले, कोपरे विसरायचे नसतात, एवढंच. बाकी उत्तर झकास होतं.

परीक्षेच्या दिवशी बाबांनी तिला फाटकाशी सोडलं आणि ते कामाला पळाले. हॉल नवा कोरा होता, रंगाचा वास अजून गेला नव्हता. खाली पांढरीशुभ्र फरशी, कडेने काळी पट्टी आणि चारही कोपऱ्यांत एकेक लालचुटूक फरशी. भिंगरी बघतच राहिली. सांधे असे, की नखसुद्धा अडकू नये. बाबांना हे दाखवायला हवं, तिला वाटलं.

नववं उदाहरण बागेचं होतं. बागेच्या चारी कडांना समान अंतरावर कुंड्या ठेवायच्या. पेन्सिल पुन्हा अडली. तिने मान वळवली, तर कोपऱ्यातली लाल फरशी तिच्याकडे टक लावून बघत होती. कोपरे. तिने चार कुंड्या जागच्या जागी ठेवल्या, उत्तर लिहिलं आणि घंटा व्हायच्या आत दहावंही संपवलं.

पेपर गोळा करायला शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आल्या, तेव्हा तिच्याने राहवलं नाही. कोपऱ्यांत लाल फरश्या लावायचं कुणाला सुचलं, तिने विचारलं.

बाई हसल्या. “सगळे तेच विचारतात. अगं, मिस्त्रींनी मागवलेल्या काळ्या फरश्या चार कमी पडल्या. मी चिडले, तर म्हणाले, ‘बाई, माझे हात चालतात, आकडे चालत नाहीत. आकडे काढणाऱ्या आमच्या इंजिनियर बाई घरी असतात. त्यांच्यावर रागावू नका, त्यांची परीक्षा जवळ आलीय.’”